बारगिराचा शरभ

आमच्या खेळाच्या नियमपुस्तकात जनावरावर स्वार होणं एका ओळीत उरकलंय. ज्या जनावराला स्वार पाठीवर घ्यायची सवय लावलेली आहे, त्यालाच तुम्ही हाकू शकता. घोडे, गाढवं आणि तसल्या पाळीव जनावरांना ती सवय आहे असं धरून चालावं. त्याच्या पुढेमागे सगळे हिशेब आहेत. चढायला तुमची त्या खेपेची निम्मी चाल खर्ची पडते, जनावर तुमच्यापेक्षा आकाराने एक पायरी तरी मोठं हवं, वगैरे. ती एक ओळ आम्ही जुलैपासून मार्चपर्यंत खेळत होतो. तिच्यापायी मी वयाच्या ३६व्या वर्षी खऱ्या घोडीवर बसायला शिकले.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत, फासे टाकत खेळायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली पहिल्यांदा बाजारात आला. आम्ही त्याची पाचवी आवृत्ती दर रविवारी दुपारी सदाशिव पेठेत एका मित्राच्या घरी मराठीतून खेळतो. चौघांची एकेक पात्रं, पाचवा जग चालवतो. त्याला आम्ही पहिल्या महिन्यातच सूत्रधार म्हणायला लागलो. जगही आमचंच आहे: कडे, घाट, गड, खिंडी, आणि पागेत भीमथडीची तट्टं. माझं पात्र बारगीर. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, तो त्याचा नसायचा. पात्र रचताना ही निवड मी फारसा विचार न करता केली होती. पुढे सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं.

जुलैतल्या एका डावात गडाच्या तटाखालच्या घळीत आम्हाला शरभ सापडला. शिवनेरीला गेलेल्यांनी दरवाजांवर कोरलेला शरभ पाहिला असेल. सिंहासारखं धड, वटारलेले डोळे, कुठे पंख, कुठे पायांखाली हत्ती. मी लहानपणापासून ती शिल्पं बघत आलेय आणि दरवेळी मनात यायचं, हा खाली उतरला तर? सूत्रधाराने तो खाली उतरवला. पोरसवदा, पंखांवर अजून लव असलेला, भुकेला. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "मी चढते."

"शिकवलेला आहे का?" सूत्रधाराने विचारलं.

"नाही. पण फासा टाकते की."

वीस बाजूंच्या फाशावर १९ पडले. टेबलावर आरडाओरडा झाला. सूत्रधार शांतपणे म्हणाला, "फासा चांगला पडला म्हणून तू पाठीवर पोचलीस. आता तो काय करतो ते मी सांगतो." शरभ उधळला, घळीच्या भिंतीवर आदळला, माझ्या बारगिराच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि त्याच्या उजव्या पंखाखाली कपार घुसून खोल जखम झाली. १९ पडूनही हे? मी वाद घातला. तो एवढंच म्हणाला, "फासा तुझा होता. पाठ त्याची आहे."

त्या दिवशी टिळक रस्त्याने घरी येताना मला फार लागून राहिलं. जनावर खोटं होतं, जखम खोटी होती, तरी ती मी केलेली होती.

पुढच्या रविवारी सूत्रधाराने नवा नियम आणला. एका कागदावर तो शरभाचा विश्वास मोजणार. आकडा मला दिसणार नाही. एका डावात मला एकच प्रयत्न. आणि नुसतं "मी त्याला शांत करते" चालणार नाही, काय करते ते सांगायचं. हात कुठे, उभी कुठे, किती वेळ. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला सांगताच येत नाहीये. जनावराजवळ उभं कसं राहतात हेच मला माहीत नव्हतं. माथेरानला लहानपणी एकदा घोड्यावर बसले होते, तेही घोडेवाला लगाम धरून पुढे चालत होता. ऑगस्ट-सप्टेंबरचे डाव मी असेच वाया घालवले. शरभ मांस खायचा आणि मी दोन पावलं पुढे सरकले की मागे हटायचा.

नोव्हेंबरात मी शहराच्या कडेला एका ठिकाणी घोडेस्वारीचे तास लावले. सकाळी साडेसहा, हवेत धुकं, तबेल्यात चंदी आणि लसूणघासाचा वास. मोतद्दार मामा बारामतीकडचे. त्यांनी मला तांबडीपुढे उभं केलं. कपाळावर पांढरा टिळा, वय १४, रेसकोर्सवरून निवृत्त झालेली. पुण्याचा रेसकोर्स १८३०चा. शर्यती इथे पावसाळ्यात असतात, आणि धावणं संपलेले कितीतरी घोडे असे शिकाऊ लोकांच्या हाताखाली येतात. मी सरळ तिच्या तोंडाकडे निघाले तर मामांनी मला थांबवलं.

"समोरनं नको ताई. नाकाच्या म्होरं तिला दिसत नाही. डाव्या अंगानं या, बोलत या."

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. आंधळ्या जागा दोनच, कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा. शिकार होणाऱ्या जनावराची ती रचना आहे, वाघ कुठूनही येऊ शकतो म्हणून. आपले डोळे समोर आहेत, वाघासारखे. मी मुकाट तिच्या डोळ्याला डोळा लावून सरळ चालत गेले तर तिच्या लेखी मी कोण ठरते, हे मामांनी सांगितल्यावर मला सप्टेंबरातले सगळे डाव एकदम आठवले. मी दरवेळी शरभाच्या डोळ्यांत बघत पुढे सरकत होते.

पहिले दोन तास चढायचं नाव नाही. खरारा करायचा. रबरी खरारा गोल फिरवत मानेपासून मागे जायचं, मग केसांच्या दिशेने ब्रश. खूर उचलायला शिकले ते इथेच: खांद्याला हात लावायचा, हात न उचलता पायावरून खाली न्यायचा, घोट्याच्या वरच्या शिरा हलकेच दाबायच्या, आणि ती पाय उचलते. पहिल्यांदा तिने पाय उचलून माझ्या तळहातावर दिला तेव्हा त्या वजनाने मी वाकलेच. आकडीने खुरातली माती आणि लीद काढायची, पण मधला त्रिकोणी मऊ भाग सांभाळायचा, तिथे दुखतं. मी बोलता बोलता गप्प झाले की तिचे कान फिरायचे, मला शोधायचे. मागून जायचं असेल तर हात तिच्या पुठ्ठ्यावर ठेवून, अंगाला अंग लावून जायचं, म्हणजे न दिसणारी मी तिला कळत राहते. गाजर पसरलेल्या तळहातावर द्यायचं, कारण तोंडाखालचं तिला दिसत नाही, ओठांनीच चाचपते. ते ओठ किती मऊ असतात! इतक्या मोठ्या जनावराचा तो भाग तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा वाटला मला.

खोगीर घातल्यावर तंग आवळतानाही शिकण्यासारखं होतं. तांबडी पोट फुगवून उभी राहायची. मामा म्हणाले, आत्ता खेचू नका, चार पावलं चालवा, श्वास सोडेल, मग आवळा. तबेल्यात शिकलेलं सगळं मी रविवारी शरभापुढे जसंच्या तसं वापरलं. मी सांगितलं: डाव्या बाजूने, तिरकी, नजर खाली, बोलत जाते, मांस पुढे धरते आणि त्याने मान लांब केली की मी एक पाऊल मागे सरकते. सूत्रधाराने पेन्सिल उचलली. "मागे का?"

"दबाव काढून घेते. त्याने एवढंसं केलं तरी लगेच सोडायचं. सोडण्यातून त्याला कळतं काय बरोबर होतं ते."

त्याने फासा टाकायलाच सांगितला नाही. कागदावर काहीतरी लिहिलं.

डिसेंबरात उडण्याचा प्रश्न आला. घोडा मला थोडाफार कळायला लागला होता, पंख कुठून आणू? मग शनिवारी सकाळी वेताळ टेकडीवर खाणीच्या कडेला वही घेऊन बसायला लागले. घारी सकाळी लवकर उडतच नाहीत फारशा, झाडांवर बसून राहतात. ऊन चढून खडक तापला, गरम हवा वर उठायला लागली की एकेक घार कडेवरून नुसती सुटते आणि पंख न हलवता गोल गोल वर चढत जाते. दुभंगलेली शेपटी सतत पिळत असते, सुकाणूसारखी. मी ठरवलं, शरभही असाच उडणार. सपाटीवरून पहाटे त्याला उठता येणार नाही. कडा हवा, तापलेला दगड हवा, दहानंतरची वेळ हवी.

मग वजन. घोडा आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत भार नीट वाहतो असं धरतात, खोगीर धरून. उडणाऱ्याला त्याच्या निम्मंही झेपायचं नाही. म्हणजे माझ्या बारगिराचं चिलखत गेलं. तीन डाव लढून मिळवलेलं चिलखत मी पागेतल्या खुंटीला टांगलं, आणि सोबतचे मला वेड्यात काढायला लागले. बसायचं कुठे यावर तर अख्खी एक दुपार गेली. पंखांच्या पुढे बसावं तर गुडघे मानेवर येतात, श्वास कोंडतो. मागे बसावं तर पंख वर जाताना मांड्यांना लागतात. माझं मत अजूनही मागे बसण्याचंच आहे, गुडघे वर घेऊन, पुढे झुकून, रिकिबीशिवाय. छातीवरून एक पट्टा तेवढा. चित्रांतले स्वार ऐटीत ताठ बसलेले असतात, त्यांचे पाय पंखांनी कधीच मोडले असते.

जानेवारीत मी पडले, खरोखरची. दुडकी चाल शिकत होते. त्या चालीत कर्णावरचे पाय जोडीने पडतात, एक-दोन, एक-दोन, आणि स्वाराने एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. मला नुकतं ते साधत होतं. मैदानाच्या कोपऱ्यात वाऱ्याने एक प्लॅस्टिकची पिशवी उडाली. तांबडी एकदम आडवी सरकली. मी घाबरून तीन गोष्टी एकदम केल्या: श्वास रोखला, पोटऱ्या आवळल्या आणि लगाम खेचला. पोटऱ्या आवळणं म्हणजे पुढे चल. लगाम खेचणं म्हणजे थांब. त्यात ती शर्यतीची घोडी. धावण्याच्या दिवसांत तोंडातल्या ताणावर रेलून आणखी वेग घ्यायची सवय लागलेली. ती सुटली, मी डाव्या खांद्यावर वाळूत.

मामा धावत आले. आधी मान, मग खांदा हलवून बघायला लावला. मोडलं काही नव्हतं. मी उठून रागारागाने तिच्याकडे बघितलं तर ती दूर उभी होती, अंग थरथरत होतं, नाकपुड्या फुललेल्या. माझ्याइतकीच घाबरलेली. मामा म्हणाले, "श्वास सोडा ताई. तुमचा मोकळा झाला की तिचा व्हतो." मी डाव्या अंगाने गेले, बोलत गेले. खरं तर काय बोलावं सुचेना म्हणून रामरक्षा म्हणत गेले. मानेवर हात ठेवून उभी राहिले. बऱ्याच वेळाने तिने मान खाली घातली, ओठ चाटले, तोंड हलवलं. ताण उतरल्याची ती खूण. मग परत चढले आणि दोन फेऱ्या नुसत्या चालत मारल्या.

खांदा दुखत असतानाच त्या रविवारी डावाला गेले. गडावर नगारा वाजला, शरभ बिथरला, आणि मला काय करायचं ते विचारावं लागलं नाही. मी सांगितलं, माझी बारगीर हातातलं सगळं खाली ठेवते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते, आणि लांब श्वास सोडते. तेवढंच. सूत्रधार बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तो येऊन तुझ्या पाठीला नाक लावतो." टेबलावर कोणी काही बोललं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यानंतर आधी पाठीवर नुसतं गोणपाट, मग गोणपाटात वाळू, मग मी पोटावर आडवी, लगेच उतरायची. कोरं घोडं असंच तयार करतात, मामांकडून शिकलेलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या डावात कड्यावर ऊन चढलं, सूत्रधार म्हणाला, "चढ." फासा मागितला नाही. आम्ही सुटलो. खाली दरी, डोक्यावर घारी. मध्येच आडवा वारा लागला. जनावर त्याच्या मर्जीविरुद्ध ढकललं गेलं तर स्वाराला तोल सावरायचा फासा टाकावा लागतो, १० हवे असतात. ८ पडले, वर माझ्या पात्राचे ३, म्हणजे ११. आम्ही वर राहिलो. शिवाजीनगरला करमरकरांनी घडवलेला शिवछत्रपतींचा १९२८चा अश्वारूढ पुतळा आहे. लहानपणापासून त्याखालून येतेजाते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना गाडी थांबवून मी पहिल्यांदाच महाराजांची मांड बघत उभी राहिले.

मार्चमध्ये किल्लेदाराने शरभ मागितला. नियमाप्रमाणेच. मी बारगीर, जनावर सरकारच्या पागेचं. सरहद्दीवर एका दुसऱ्या स्वाराला त्याची गरज होती. सूत्रधाराने मला आठवडा दिला. सोबतच्यांनी पळून जायचे बेत आखले, चांगले बेत होते. मला ठरवता येईना.

मंगळवारी खरारा करताना मी मामांना विचारलं, तांबडीवर माझ्याखेरीज किती जण बसतात? सहा, ते म्हणाले. त्यांत एक शाळेतली पोरगी आहे, शनिवारी येते. "तिला येगळी उभी ऱ्हाती ही. पोरगी बुटकी हाय ना, मान खाली करून देती." मला हे माहीतच नव्हतं. चार महिने मी तांबडीला मनातल्या मनात माझी म्हणत होते. ती त्या पोरीसाठी मान खाली करते, हे ऐकून मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण उलट मी मामांना तिच्याबद्दल आणखी विचारत बसले.

रविवारी मी शरभाचा कागद मागून घेतला आणि त्याच्या मागे लिहून दिला, पुढच्या स्वारासाठी.

डाव्या अंगाने या, बोलत या. बोलायला सुचलं नाही तर काहीही म्हणा. डोळ्यांत बघू नका. पहाटे उडवू नका, खडक तापू द्या. चिलखत काढून ठेवा. नगारा वाजला तर हातातलं खाली ठेवून श्वास सोडा, तो आपणहून येईल. उजव्या पंखाखाली जुनी जखम आहे, ती माझ्यामुळे झालेली आहे. तिथे हात लावायच्या आधी त्याला सांगा.